बागेतल्या गाडीची सोळा चाकं

आमच्या घरामागे तीस फूट लांब, सोळा फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. चऱ्होलीत हे रो-हाउस घेतलं तेव्हा तिथे बिल्डरचा राडारोडा पडला होता. तो काढायला चार रविवार गेले. मग मी एका कागदावर तीन पर्याय लिहिले : भाजीचे वाफे, हिरवळ, फरशी. कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि ज्याने त्याने आपल्या पसंतीपुढे खूण करावी असं सांगितलं. घरात आम्ही तिघंच, मी, माझा नवरा आणि माझे वडील. आई गेल्यावर वडलांना मी पिंपरीहून आमच्याकडे आणलं होतं.

संध्याकाळी चाकणहून, म्हणजे माझ्या कंपनीतून, परत आले तर कागदावर चौथी ओळ होती. ड्रॉइंगवर माप लिहावं तशा सरळ, बारीक अक्षरात लिहिलं होतं : छोटी रेल्वे. तिच्यापुढे खूणही होती. नवऱ्याने हिरवळीपुढे केलेली खूण खोडून चौथ्या ओळीपुढे केली होती.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. कारखान्याला लागणारे साचे, म्हणजे डाय, आणि मापं तपासायची गेज जिथे बनतात ती टूलरूम. तिथल्या माणसाला मिलिमीटर हे ढोबळ माप वाटतं. त्यांचं मूळ गाव बार्शीकडचं. तिकडे पूर्वी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी जायची आणि दादा तिच्यातून तीन स्टेशनं पलीकडे शाळेला जायचे. पुढे ती लाईन रुंद झाली, जुने रूळ उखडले. ते बघायला दादा एकदा मुद्दाम गेले होते. परत आल्यावर आईने विचारलं, “काय बघितलं?”

“खडी,” दादा म्हणाले आणि जेवायला बसले.

त्यामुळे चौथ्या ओळीचं मला फार आश्चर्य वाटलं नाही. मी एवढंच विचारलं, “दादा, गाडी विकत आणायचीय की करायचीय?”

“आणायची असती तर तुझ्या कागदाला कशाला हात लावला असता?”

मी कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. कुठला भाग कधी, किती, कोणाकडून, हे ठरवणं माझं काम. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात वही केली. रुळांमधलं अंतर पंचेचाळीस मिलिमीटर, म्हणजे सगळी गाडी खऱ्या गाडीचा सतरावा भाग. वळणाची त्रिज्या पाच फूट. एक पूर्ण फेरी साधारण साठ फुटांची. एक इंजिन, तीन डबे. रुळांखालचे आडवे स्लीपर पाइनच्या लाकडाचे, कारण आमच्या कंपनीत मशीनचे सुटे भाग ज्या खोक्यांतून येतात ती खोकी भंगारात जातात. रूळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे, स्लीपरला खाच पाडून त्यात उभे बसवलेले. इंजिनाला मोटारीच्या काचा वरखाली करणारी मोटर, पहिल्या डब्यात बॅटरी. कढीपत्त्याचं झाड मधे येत होतं. मी ते हलवायचं असं लिहिलं. दादांनी त्यावर रेघ मारून शेजारी लिहिलं, ‘लाईन हलवणे’.

थंडीचे तीन महिने त्यांनी रूळ टाकले. मातीखाली विटांचा चुरा, त्यावर बारीक खडी, मग स्लीपर. पातळी बघायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. प्रत्येक पट्टी दुसऱ्या पट्टीला अशी भिडवली की मधे कागद जाऊ नये. टूलरूममध्ये शेजारच्या मशीनवर उभा असणारा त्यांचा एक मित्र होता. आता त्याचं तळवड्याला स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. तो एका रविवारी बघायला आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“राव, रेल्वे टाकलीस का डाय बसवलीस?”

“तुला सांधा दिसतोय का सांग.”

“दिसत न्हाई, तीच तर पंचाईत.”

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, रूळ उठले. उन्हाने पट्ट्या वाढल्या, वाढायला जागा नव्हती, म्हणून वळणावरची लाईन स्लीपरसकट वीतभर वर आली आणि सापासारखी वाकडी झाली. मी दादांना म्हणाले, “लहानपणी रोज खाडखाड ऐकत शाळेत जात होता. रुळांच्या सांध्यात फट असते हे माहीत नव्हतं?”

“माहीत व्हतं गं. फट सोडायला हात धजला न्हाई.”

मे महिन्यात सगळी लाईन पुन्हा टाकली. या वेळी प्रत्येक सांध्यात करवतीची दोन पाती एकावर एक धरायची, पट्टी बसवायची, पाती काढायची. मी सुट्टीच्या दिवशी पाती धरायला बसायची. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की दादा सांधा डोळ्यांनी शोधत नाहीत. बोट फिरवत आणतात आणि मग मान तिरकी करून बघतात. शेजारीच ठेवलेला स्क्रूड्रायव्हर त्यांना सापडत नव्हता.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एका डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, दुसऱ्याची कडेने कमी होत आत आलेली. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाने राखायची, किती दिवस राहील ते सांगता येत नाही. मी आणखी प्रश्न विचारले, कारण मी ते लिहून नेले होते. उत्तरं तीच आली. गाडीत बसल्यावर दादा म्हणाले, “चाकं ऱ्हायलीत अजून.”

त्यानंतर वहीतल्या बाकीच्या गोष्टी मला दुय्यम झाल्या. दादांना दिसतंय तोवर त्यांनी केलेली गाडी त्यांच्यासमोर धावली पाहिजे, एवढंच उरलं.

मी दसरा ही तारीख धरली आणि तिथून मागे मोजत आले. शेजारच्यांना, नवऱ्याच्या घरच्यांना दसऱ्याला जेवायला यायचं सांगूनही टाकलं. दादांनी वहीतलं पान डोळ्यांजवळ धरून वाचलं.

“दोन दिस जादा धरलेस. नवमीला हत्याराची पूजा. एकदा फूल वाहिलं की दसरा होईस्तोवर पान्याला बी हात लावायचा न्हाई.”

“दादा, हे घर आहे, कंपनी नाही.”

“हत्यारं तीच हायत.”

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माणसाला खंडेनवमी समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी मशीन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून बंद ठेवतात. आमच्या चाकणच्या कंपनीतही रोबोच्या हाताला माळ घालतात आणि मी माझ्या प्लॅनमध्ये ती सुट्टी धरते. घरच्या प्लॅनमध्ये धरायला विसरले होते. अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत गाडी तयार हवी होती.

इंजिनाचा सांगाडा आणि डबे ऑगस्टमध्ये झाले. राहिली ती चाकं. चार गुणिले चार, सोळा. मागच्या पडवीत दादांचं छोटं लेथ मशीन होतं. रोज सकाळी ऊन पडवीत येतं तेवढे तीन तास ते त्यावर काम करायचे. चाक कातायचं, कड काढायची, भोक पाडायचं, आणि मग व्हर्नियरने माप घ्यायचं. व्हर्नियर जुना, बारीक रेघांचा. मी मोठ्या आकड्यांचा डिजिटल आणून दिला होता. त्यांनी तो डबीतून काढलाही नाही. “सेलवर चालणारं माप मला नको,” म्हणाले.

टूलरूमचा त्यांचा नियम होता. मापाबद्दल जराही शंका आली तर नग नापास, लाल ठिपका द्यायचा. पास झालेलं चाक बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायचं, नापास झालेलं लाल ठिपका लावून बादलीत. मी रोज संध्याकाळी येऊन दोन्ही मोजायची आणि वहीत लिहायची. सप्टेंबर संपत आला तेव्हा डब्यात सात होती आणि बादलीत सव्वीस.

वेग सरळ दिसत होता. या गतीने दिवाळी उलटली असती, आणि एव्हाना दादा चहाचा कपही हाताने चाचपून घ्यायला लागले होते. कंपनीत एखाद्या सप्लायरचा माल वेळेत येणार नाही असं दिसलं की मी दुसऱ्या सप्लायरला फोन लावते. मी तेच केलं. पडवीच्या भिंतीवर चिकटवलेल्या चाकाच्या ड्रॉइंगचा फोटो काढला आणि कामावरून येताना वाट वाकडी करून तळवड्याला गेले.

मित्राने फोटो मोठा करून बघितला. “एका दिवसाचं काम हाय. सीएनसी मशीनवर टाकतो, आपोआप कापतंय. पर तुझ्या बापाला कळलं तर मला शिफ्टभर शिव्या घालंल.”

“नाही कळणार. त्यांच्या चाकांत मिसळते.”

“पोरी, त्याला अंधारात स्क्रूचे आटे मोजता येतात.”

“काका, वेळ नाही आपल्याकडे.”

त्याने फोटो स्वतःच्या फोनवर पाठवून घेतला. दुसऱ्या दिवशी मी नऊ चाकं घेऊन आले. ती फार चकचकीत होती. दादांच्या चाकांना थोडी राखाडी झाक असायची. म्हणून मी स्वयंपाकाच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून प्रत्येक चाकावर पॉलिश पेपर घासला आणि रोज दोन-तीन अशी ती बिस्किटाच्या डब्यात सोडली. तेवढ्या दिवसांत दादांनी आणखी दोन चाकं कातून लाल केली होती, म्हणजे बादलीत अठ्ठावीस झाली होती. डब्यात सोळा भरल्यावर मी म्हणाले, “दादा, झाली की!”

त्यांनी डबा मांडीवर घेतला, एकेक चाक काढून दोन बोटांत फिरवलं आणि परत ठेवलं. बराच वेळ लागला. मग म्हणाले, “व्हय. झाली.” आणि धुरा मागितल्या.

अष्टमीला गाडी जोडून झाली. नवमीला लेथवर माळ चढली, व्हर्नियरला हळदकुंकू लागलं. दसऱ्याला अंगणात वीस-बावीस माणसं जमली. दादांना कुठल्या जागेवरून सर्वांत चांगलं दिसेल ते मी आधीच बघून ठेवलं होतं. सरळ लाईनच्या टोकाला खुर्ची ठेवली, म्हणजे गाडी त्यांच्या समोरून येईल. मी बटण दाबलं. गाडी कढीपत्त्याला वळसा घालून आली, दादांच्या पायांशी वळली, परत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, “व्याहीबुवा, आम्हाला तिकीट नाही का?” सगळे हसले. दादाही हसले.

“चालली,” ते म्हणाले.

मग मी सगळ्यांना आपट्याची पानं दिली आणि पुरणपोळ्या वाढल्या. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

दसऱ्यानंतर लेथवरची माळ सुकली तरी दादांनी ती काढली नाही. मग मीच काढली. सकाळचं ऊन पडवीत यायचं आणि दादा आतल्या खोलीत रेडिओ लावून बसायचे. मला वाटलं, काम झालं, दमलेत. रविवारी मी गाडी चालवायची आणि त्यांना हाक मारायची. कधी यायचे, कधी म्हणायचे, “चालू दे, ऐकू येतंय.”

जानेवारीत संक्रांतीच्या आधी मी पडवी आवरायला काढली. नापास चाकांची बादली भंगारात द्यायची होती. देण्याआधी वजन करावं म्हणून उचलली, आणि का कोण जाणे, तो न वापरलेला डिजिटल व्हर्नियर डबीतून काढला. ड्रॉइंगवर तीन मापं होती : व्यास, कडेची उंची, भोक. पहिलं चाक तिन्ही मापांत बरोबर निघालं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. दुसरं घेतलं. मग खाली फरशीवर बसून सगळीच मापली.

अठ्ठावीस चाकांपैकी तेवीस बरोबर होती.

पाच सोडली तर दादांच्या हाताने चूक केली नव्हती. त्यांना व्हर्नियरवरच्या रेघा दिसत नव्हत्या, म्हणून शंका यायची, आणि शंका आली की नियमाप्रमाणे लाल. मला नऊ चाकं हवी होती. तेवीस बादलीत पडली होती, आणि मी महिनाभर रोज संध्याकाळी तिथे उभी राहून फक्त त्यांचे नग लिहीत होते. माप घेणं माझं खातं नाही. कंपनीत ते काम इन्स्पेक्शनचं. घरात इन्स्पेक्शनचं खातं नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

हे ऐकून दादांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती. त्याच दुपारी बादली घेऊन त्यांच्या खोलीत गेले, रेडिओ बंद केला आणि आधी तळवड्याचं सांगून टाकलं.

“माहीत हाय,” ते म्हणाले.

“काकांनी सांगितलं?”

“त्यो कशाला सांगतोय. चाकावर पॉलिश पेपर गोल मारतात. तू आडवा मारलास. बोटाला लागलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“माणसं बोलावली व्हतीस ना जेवायला.”

मग मी बादलीचं सांगितलं. ते सरळ बसले. म्हणाले, “माझ्यासमोर माप. मोठ्यांदा वाच.”

मी एकेक चाक घेतलं आणि तीन-तीन आकडे वाचले. ते डोळे मिटून ऐकत होते, प्रत्येक वेळी फक्त “फुडचं” म्हणत होते. नवरा दारात चहा घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. अठ्ठावीस चाकं व्हायला पाऊण तास लागला. शेवटचं चाक ठेवून मी व्हर्नियर बंद केला.

“मला वाटलं हात गेला,” दादा म्हणाले. “डोळं जाणार हे डॉक्टरनं सांगितलंच व्हतं. त्याचं काय न्हाई. पर रोज रोज लाल व्हायला लागलं तवा वाटलं, हातच गेला. मग तू भायेरनं चाकं आणलीस. म्हनलं, हिला बी दिसलंय.”

“तसं नव्हतं दादा. मला फक्त वेळ—”

“हात व्हता गं तवा. तवा मापायला पायजे व्हतं.”

ते रागावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी तळवड्याचा मित्र आला. आम्ही दोघांनी गाडीखालची नऊ चाकं काढली आणि दादांची बसवली. लाल ठिपके मी रॉकेलने पुसले. या वेळी कोणाला बोलावलं नव्हतं. दादांना हात धरून खुर्चीपर्यंत आणलं, खुर्ची त्याच जागी ठेवली. गाडी सोडली. दादांच्या सोळा चाकांवर ती पहिल्यांदा धावत होती. खरं सांगायचं तर मला फरक कळला नाही.

“दिसतीय का?” मित्राने विचारलं.

दादांनी मान हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेली. गाडी तोवर मागच्या वळणावर पोचली होती.

“कायतरी हलतंय,” ते म्हणाले.

“आरं, चाकं तुझी हायत, राव. सगळी.”

“मगाशी सांगितलंस.”

तीन फेऱ्यांनंतर त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितलं आणि मित्राला म्हणाले, “लेथ घेऊन जा. तुझ्याकडं चालतं ऱ्हाईल.”

मित्राने थट्टेवर न्यायचा प्रयत्न केला. मीही म्हणाले की घाई नको, उन्हाळ्यात बघू. दादा म्हणाले, “तारीख दे त्याला, तू देतीस तशी.” मी फेब्रुवारीतला पहिला रविवार दिला.

त्या आठवड्यात दादा पुन्हा सकाळचे पडवीत बसले. हाताने चाचपत त्यांनी लेथचा कण न् कण पुसला आणि सगळ्या उघड्या लोखंडाला ग्रीस लावलं. रविवारी मित्र दोन माणसं आणि टेम्पो घेऊन आला. त्याने लेथच्या बेडवर बोट फिरवलं, ग्रीस बघितलं.

“तळवड्याला चाललंय, विलायतेला न्हाई.”

“वाटेत पाऊस आला तर?”

“फेब्रुवारीत?”

“मेणकापड बी टाक वरनं,” दादा म्हणाले.

तिघांनी मिळून मशीन चढवलं. मित्राने मेणकापड टाकलं, चारही बाजूंनी दोरीने बांधलं, आणि निघताना दादांचा हात धरून थोडा वेळ उभा राहिला. तो एरवी असं करत नाही. मी दादांना फाटकापर्यंत आणलं. टेम्पो सुरू झाला, नव्या टॉवरच्या पत्र्याच्या कुंपणाला लागून गेला आणि कोपऱ्यावर उजवीकडे वळून दिसेनासा झाला.

दादा डावीकडे बघत होते. त्यांनी हात वर केला होता.

मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचा हात खाली येईपर्यंत शेजारी उभी राहिले.